शेजार बदलला, विरजण तेच

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला आणि माझा जुना लॅपटॉप उघडून बसला. नऊ वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून घेतलेलं हे यंत्र विंडोज ११च्या अटींत बसत नाही. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा मी त्यावर लिनक्स टाकलं. भाच्यानं एक गेम लावला, वीसेक मिनिटं मन लावून खेळला आणि मग त्याला शंका आली. ‘मामा, यात विंडोज नाहीच आहे ना? मग ही डॉट एक्सई चालते कशी?’

शंका रास्त होती. ‘हा गेम विंडोजचा’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय विंडोजचं असतं?

एक्सई फाइल उघडून पाहिली तर तिचा बराचसा भाग प्रोसेसरला दिलेल्या सूचनांचा असतो. या दोन संख्या मिळव, त्यांची तुलना कर, अमुक ठिकाणी उडी मार. इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरला या सूचना थेट समजतात आणि वर विंडोज आहे की लिनक्स याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ऑपरेटिंग सिस्टीम लागते ती गेमला काही मागायचं असतं तेव्हा. फाइल उघडून दे, पडद्यावर खिडकी काढ, थोडी मेमरी दे. घर गेमचं स्वतःचं, विरजण मात्र शेजारून. वाटी घेऊन दार वाजवायचं आणि ठरलेल्या शब्दांत मागायचं. मागण्याच्या या ठरलेल्या शब्दांनाच एपीआय म्हणतात. आता शेजारचं बिऱ्हाड बदललं, पण नव्या माणसानंही त्याच शब्दांवर तेच विरजण वाटीत घातलं, तर गेमला फरक कळायचं कारण नाही.

हा नवा शेजारी म्हणजे वाइन. १९९३ साली सुरू झालेल्या या मुक्त प्रकल्पाच्या नावातच त्याचा खुलासा आहे: ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’. एम्युलेटर दुसऱ्या यंत्राचं सोंग घेतो आणि त्याची एकेक सूचना उलगडत बसतो, म्हणून तो मंदावतो. वाइन सूचनांना हात लावत नाही, फक्त मागण्या पुऱ्या करतं. गेमनं ‘सी ड्राइव्ह’मधली फाइल मागितली, तर वाइन त्या नावाखाली लिनक्सवरचा एक साधा फोल्डर पुढे करतं. विंडोजच्या पत्त्यातली तिरकी रेघ उलट्या दिशेची, ती फिरवून घेतं. विंडोजला इंग्रजी अक्षरांतलं लहान-मोठं सारखंच, लिनक्सला नाही. तो घोळही वाइनच निस्तरतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण वाइनची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! अलेक्झांडर ज्युलियार १९९४पासून या प्रकल्पाची धुरा वाहत आहेत. विंडोजच्या आत डोकावायचं नाही, बाहेरून वागणूक पाहून तसंच वागणारं काहीतरी नव्यानं लिहायचं, ही इथली शिस्त. मायक्रोसॉफ्टचा अंतर्गत सोर्सकोड ज्यानं पाहिला आहे, त्याला वाइनमध्ये लिहायची मुभाच नाही.

आणि वागणूक म्हणजे नुसती नियमावली नव्हे, तिच्यात खोडीही आल्या. सिमसिटी या गाजलेल्या गेममध्ये एक चूक होती: परत करून टाकलेली मेमरी तो लगेच पुन्हा वाचायचा. डॉसवर ते खपून जायचं, कारण ती जागा तितक्यात दुसरं कोणी बळकावत नसे. विंडोज ९५वर गेम कोसळू लागला. मायक्रोसॉफ्टनं काय करावं? समोर सिमसिटी आहे हे ओळखून, त्याच्यापुरती मेमरी उशिरा मोकळी करण्याची सोय खुद्द विंडोजमध्येच केली. चूक गेमची, सांभाळून घेतलं शेजाऱ्यानं. विंडोजवर असं कित्येक वर्षं चालत आलं आहे, आणि वाइनला हे सगळं न पाहता जुळवायचं होतं.

सर्वांत अवघड गाठ चित्रांची. विंडोजचे गेम ग्राफिक्स कार्डाशी बहुधा डायरेक्टथ्रीडीच्या शब्दांत बोलतात आणि लिनक्सवर ते नाही. २०१६मध्ये व्हल्कन हा सर्वांसाठी खुला असलेला मार्ग आला. फिलिप रेबोले या प्रोग्रामरला ‘नियर: ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. त्यापायी त्यानं डायरेक्टथ्रीडीच्या मागण्या व्हल्कनमध्ये बदलणारा डीएक्सव्हीके लिहायला घेतला आणि २०१८च्या सुरुवातीला त्याची पहिली आवृत्ती बाहेर आली. एखाद्याचा खेळायचा हट्ट किती कामाचा असतो पाहा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह या कंपनीनं वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून प्रोटॉन आणलं. ही कंपनी स्टीम हे गेमचं दुकान चालवते. विंडोज ८ आपलं स्वतःचं दुकान घेऊन आलं, तेव्हा दुसऱ्याच्या जागेत भाड्यानं बसलेल्या दुकानदाराला वाटावी तशी काळजी व्हॉल्व्हला वाटली. २०१५मध्ये तिनं लिनक्सवर चालणारी ‘स्टीम मशीन’ बाजारात आणली होती. ती पडली, कारण लिनक्ससाठी बनवलेले गेमच मोजके. त्यातून धडा घेतला तो असा, की गेमवाल्यांना लिनक्सकडे या म्हणून विनवायचं नाही, त्यांची एक्सई आहे तशी चालवून दाखवायची.

ते दाखवलं फेब्रुवारी २०२२मध्ये आलेल्या ‘स्टीम डेक’ या हातात धरून खेळायच्या, लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रानं. ताकद म्हणाल तर बेताची. चिपची भूक जास्तीत जास्त १५ वॉट. आरटीएक्स ४०९० हे डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड एकटंच ४५० वॉट खातं. पण सात इंची पडदा १२८० बाय ८००चा, म्हणजे सुमारे सव्वादहा लाख ठिपके. फोरके पडद्यावर ते ८३ लाखांच्या घरात जातात. आठपट कमी ठिपके रंगवायचे तर आठपट दांडगा रंगारी कशाला हवा?

माझं मत विचाराल तर गेमिंगच्या गप्पांत फ्रेमच्या, म्हणजे सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांच्या, आकड्याला फाजील मान आहे. डोळ्याला जाणवतो तो दोन फ्रेममधला वेळ. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर तो ३३.३ मिलिसेकंद, ६० असतील तर १६.७. यांच्या बरोबर मध्ये येतात २५ मिलिसेकंद, म्हणजे ४५ नव्हे, ४० फ्रेम! डेकचा पडदा ४० हर्ट्झवर ठेवला की अर्धा फायदा एक तृतीयांश ज्यादा कामात पदरी पडतो आणि बॅटरीही पुरते. खेळाचा रसभंग होतो तो मध्येच बसणाऱ्या गचक्यांनी. पहिला स्फोट दिसतो त्या क्षणी त्याचा शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपसाठीचा छोटा प्रोग्राम, घाईघाईनं तयार करावा लागतो आणि चित्र अडखळतं. सगळ्या डेकमधली चिप सारख्याच घडणीची असल्यानं स्टीम हे शेडर आधीच तयार करून पाठवू शकतं. अशी तयारी मला दुप्पट महाग कार्डापेक्षा मोलाची वाटते.

भाच्याला एवढं सांगून झालं. त्यानं लगेच खडा टाकला, ‘मग व्हॅलोरंट लाव.’ ते मात्र चालत नाही. त्याची व्हॅनगार्ड ही फसवणूकविरोधी यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसते आणि संगणक सुरू होतानाच पहारा धरते. ती वाटीभर विरजण मागत नाही, शेजाऱ्याच्या घराची किल्ली मागते. तिथं सोंग चालत नाही आणि चालू नये अशीच तिची रचना आहे. खेळात लबाडी नको हे मान्य, पण एका खेळापायी घराची किल्ली देणं मला पटत नाही. भाच्याला पटतं. त्याचे सगळे मित्र तिथंच असतात.

दुसऱ्या दिवशी त्यानं माळ्यावरून एक सीडी शोधून काढली. विंडोज ३.१च्या काळातला, १६ बिटचा पत्त्यांचा खेळ. त्याच्या नव्याकोऱ्या गेमिंग लॅपटॉपनं तो चालवायला साफ नकार दिला, कारण ६४ बिटच्या विंडोजनं १६ बिटचे प्रोग्राम चालवणं सोडून दिलं आहे. माझ्या लॅपटॉपवर वाइननं काही न विचारता खिडकी उघडली आणि पत्ते मांडले. मूळचं बिऱ्हाड ज्या वाटीला ओळख देत नव्हतं, तिच्यात नव्या शेजाऱ्यानं विरजण घातलं होतं.

‘मामा, हे तर विंडोजपेक्षा जास्त विंडोज आहे,’ भाचा म्हणाला आणि पत्ते पिसू लागला.