अवजारांची ओळख (७) : खिशातलं पातं

मागच्या भागात विळीचं पुराण झालं. विळी स्वयंपाकघर सोडत नाही. आजचं पातं मात्र घडी होऊन माणसाबरोबर फिरणारं.

बंगळुरात इंदिरानगरच्या शंभर फुटी रस्त्यावर ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात काचेआड लाल स्विस चाकू ऐटीत मांडलेले दिसतात. तिथून सीएमएच रोडवर जाऊन भांडीवाल्याकडे साधा घडीचा चाकू मागा. चाकू काढण्याआधी तो तुम्हाला नीट न्याहाळतो. त्याचाही दोष नाही. घडीचा चाकू म्हटलं की डोळ्यांसमोर खटक्याचा रामपुरी येतो, आणि रामपुरी म्हटलं की हिंदी सिनेमातला दादा. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची ही कला पडद्याने पार गुंडांच्या हवाली केली. (रामपूरकरांनी २०२३ मध्ये आपल्या चाकूची भलीमोठी प्रतिकृती चौकात उभी केली, हे मला फार आवडलं.)

प्रत्यक्षात जवळ पातं बाळगणारा माणूस बहुधा कामकरी असे. बोरूने मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला चाकूवाचून चालत नसे. टोक झिजलं की बोरू पुन्हा तासायचा, तिरका कापायचा. पानसुपारीवाल्याच्या चंचीत अडकित्ता असायचाच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले नक्षीदार अडकित्ते पाहिले की लोहाराला सुपारी फोडण्यापलीकडेही बरंच काही सुचत होतं, हे पटतं.

कोकणात आंब्याची कलमं बांधणाऱ्याचा चाकू जवळून पाहावा. कोय कलमासाठी नुकतं रुजलेलं, लालसर कोवळं रोप घेतात, शेंडा उडवून खोडाला उभी चीर देतात. हापूसच्या काडीचं टोक दोन बाजूंनी तासून पाचर करतात, चिरेत बसवतात आणि वर प्लॅस्टिकची पट्टी आवळतात. सारी मदार त्या तासण्यावर. पातं एका ओढीत, सपाट फिरलं पाहिजे. धार बोथट असेल तर साल चेंगरते, दोन्ही सालींमागचे जिवंत थर एकमेकांना भिडत नाहीत आणि काडी वाळून जाते. म्हणून कलमवाला आपला चाकू दुसऱ्याच्या हाती सहसा देत नाही.

शस्त्र कुठलं आणि कामाचं पातं कुठलं, हा फरक कायद्यालाही कळतो. १९६२ च्या शस्त्र नियमांनी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रांत धरलं, पण घरकाम आणि शेतीची हत्यारं वगळली.

घडीच्या जुन्या चाकूची मजा त्याच्या पाठीत आहे. तिथे पोलादाची एक लवचीक पट्टी असते. पातं उघडताना त्याच्या मुळाचा कोपरा ही पट्टी उचलून धरतो. पातं पूर्ण उघडलं की पट्टी सपाट कडेवर टक् करून बसते. कुलूप कुठेच नाही, नुसता दाब. त्यामुळे पात्याच्या पाठीवर जोर पडला तर ते थेट बोटांवर मिटतं.

स्विस चाकूचं कौतुक जरा जास्तच होतं, असं माझं मत आहे. १८९१ मध्ये स्विस सैन्याला मिळालेले पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये बनले होते. त्यात पात्याबरोबर स्क्रू ड्रायव्हर होता, कारण नव्या रायफली खोलायच्या होत्या. आणि एका मुठीत अनेक अवजारं ही युक्ती फारच जुनी. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात घडीचा चमचा, काटा आणि सुरी एकत्र असलेलं रोमन अवजार आहे. एवढं लांब कशाला, बंगळुरात एखाद्या कोडव लग्नाला जा. काळ्या कुप्यावरच्या (अंगरख्यावरच्या) लाल कमरपट्ट्यात खोचलेली, चांदीने मढवलेली पीचेकत्ती ही कट्यार दिसेल. ती घडीची नाही, पण जुन्या पीचेकत्तींच्या साखळीला चिमटा आणि कानकोरणं लटकवलेलं असे.

घडीचा चाकू घ्यायचाच असेल तर साध्या कार्बन पोलादाचा घ्या. धार पटकन लागते. पहिली कैरी कापली की पातं निळसर काळं पडतं. घाबरून घासत बसू नका, तो गंज नव्हे. लाल तांबूस डाग दिसला तर मात्र लगेच पुसा. काम झालं की पातं कोरडं करायचं आणि सांध्यात मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडायचा. खोबरेल नको, बंगळूरच्या डिसेंबरात ते बाटलीतच थिजतं, सांध्यात कशाला वितळलेलं राहील!