पहिली लांब पल्ल्याची ट्रायथलॉन : घरातून निघण्यापूर्वीची तयारी

पोहणे, सायकल आणि धावणे हे तीन प्रकार एकामागून एक, मध्ये विश्रांती न घेता पूर्ण करायचे, म्हणजे ट्रायथलॉन. तिचा लांब पल्ल्याचा प्रकार ‘आयर्नमॅन’ १९७८ साली हवाई बेटांवर सुरू झाला. त्या पहिल्या शर्यतीत १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. आज तिचा अर्धा पल्लाही जगभर लोकप्रिय आहे : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. आपल्या जवळ, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ही अर्ध्या पल्ल्याची शर्यत २०१९ मध्ये प्रथम झाली.

यंदा आमच्या सांगलीच्या घरातून धाकटा भाऊ या शर्यतीला निघाला आहे. वय ४२, बँकेतील बैठी नोकरी, आणि अब्बांपासून चालत आलेली मधुमेहाची भीती. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालता चालता तो धावू लागला, मग सायकल आली. शर्यतीत तो एकटा उतरणार असला तरी तयारी सगळ्या घराची आहे. त्या तयारीतून आम्हाला जे कळले ते इथे देत आहोत. आपल्या घरातील कोणी उद्या अशा वाटेला लागले तर उपयोगी पडेल.

आधी डॉक्टर, मग सामान

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने अशा शर्यतीचे नाव नोंदवण्यापूर्वी हृदयाची आणि रक्तातील साखरेची तपासणी करून घ्यावी. आमच्या घरी अम्मींची ही पहिली अट होती. सराव हळूहळू वाढवावा. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच थोडे धावावे, कारण सायकल संपल्यावर पाय लाकडासारखे जड होतात आणि त्याची सवय आधीच करावी लागते.

समुद्राचा प्रश्न

आमचा भाऊ कृष्णेत पोहायला शिकला. १.९ किलोमीटर म्हणजे २५ मीटरच्या तलावात ७६ फेऱ्या, तेवढ्या तो आता मारतो. पण समुद्र वेगळा. तिथे तळाची रेघ दिसत नाही, तोंडात खारे पाणी जाते, लाटा येतात, आजूबाजूला शेकडो हातपाय हलत असतात. म्हणून शर्यतीपूर्वी दोन दिवस गोव्यात पोहोचून, जीवरक्षक हजर असताना समुद्रात थोडे पोहून घ्यायचे ठरवले आहे. दर आठ-दहा हातांनंतर डोके वर काढून खूण पाहण्याचा सराव त्याने तलावातच केला.

अम्मींना धीर आला तो एका नियमामुळे. पोहताना दम लागला तर हात वर करून मदत मागता येते. मदतीसाठी उभ्या असलेल्या छोट्या होडीला धरून थांबताही येते. त्या आधाराने पुढे सरकले नाही, तर शर्यतीतून बाद करत नाहीत.

पिशव्यांचा हिशेब

शाळेच्या सहलीची यादी करण्याची आम्हाला सवय, तीच इथे कामी आली. सगळे सामान एका बॅगेत कोंबू नये. ज्या क्रमाने लागणार त्या क्रमाने वेगळ्या पिशव्या कराव्यात.

पोहण्याची पिशवी : गॉगलचे दोन जोड, टोपी, काखेत आणि मानेला घासू नये म्हणून व्हॅसलीन. गोव्याचे पाणी कोमट असते, त्यामुळे थंड पाण्यासाठीचा रबरी पोशाख लागत नाही.

सायकलची पिशवी : हेल्मेट, बूट, मोजे, उन्हाचा चष्मा, दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप. हेल्मेटशिवाय सायकलला परवानगीच नाही, आणि सायकल जागेवरून हलवण्याआधी त्याचा पट्टा लावलेला असावा लागतो.

धावण्याची पिशवी : वापरून मऊ झालेले बूट, कोरडे मोजे, टोपी, छातीवरचा क्रमांक लावायचा पट्टा.

चौथी पिशवी घरच्यांची : ओळखपत्र, नोंदणीचे कागद, औषधे, कोरडे कपडे, टॉवेल. कानात गाणी ऐकायचे यंत्र घरीच ठेवावे, शर्यतीत त्याला बंदी आहे.

आमच्या भावजयीने प्रत्येक पिशवीला चिठ्ठी लावली आहे. वस्तू आत गेली की मुले चिठ्ठीवर खूण करतात.

सायकल गाडीत घालण्यासाठी पुढचे चाक आणि पेडल काढावी लागतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवावे. निपाणी, आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी असा आमचा रस्ता. घाटात सायकल हलून गिअर वाकू नये म्हणून जुनी रजई गुंडाळणार आहोत. आदल्या दिवशी सायकल आयोजकांकडे जमा करावी लागते. उन्हात टायर फुटू नये म्हणून तेव्हा हवा थोडी कमी ठेवून सकाळी पुन्हा भरावी.

खाणेपिणे

नियम एकच : शर्यतीच्या दिवशी नवे काहीही नाही. नवे बूट नाहीत, नवे खाणेही नाही. आमच्या भावाला बिया काढलेला खजूर, केळे आणि राजगिऱ्याची चिक्की मानवते, तेच सोबत जाईल. घामातून मीठ जाते, म्हणून नुसतेच पाणी भरमसाट पिणे धोक्याचे असते, ओआरएस हवे. बाजारातील मिठाच्या कॅप्सूल आणि चघळायच्या गोळ्या घेताना मात्र वेष्टन वाचावे. त्यांत पुष्कळदा जिलेटिन असते, आणि ते कशापासून बनवले हे लिहिलेले असेलच असे नाही. आम्ही त्या घेतल्याच नाहीत.

पणजीच्या नातेवाइकांनी आदल्या रात्री बिर्याणीचे आमंत्रण दिले होते. ते दुसऱ्या रात्रीवर ढकलले. आदल्या रात्री खिचडी आणि लवकर झोप. पहाटे फजर अदा करून किनाऱ्यावर.

वेळ आणि जीव

पोहण्यासाठी साधारण १ तास १० मिनिटे आणि संपूर्ण शर्यतीसाठी साडेआठ तास मिळतात. वेळ टळली तर थांबवतात. खर्च झालेला, महिने गेलेले, गावात सगळ्यांना सांगून झालेले. अशा वेळी थांबणे जड जाते. म्हणून ते घरीच ठरवून घेतले. छातीत दुखले, चक्कर आली, घाम अचानक बंद झाला, तर वेळ उरली असली तरी थांबायचे. घरच्यांपैकी कोणीही ‘एवढे पैसे भरले होते’ असे म्हणायचे नाही. हे त्याला अम्मींनी सगळ्यांसमोर सांगितले.

आपल्या घरातून कोणी निघत असेल तर सामानाच्या यादीबरोबर हेही बोलून ठेवा. पिशवीत राहिलेली वस्तू गोव्यात विकत मिळेल. थांबायची मोकळीक मात्र घरूनच द्यावी लागते.