बाळाची झोप आणि झोपेचे औषध

"डॉक्टर, दिवसभर गाढ झोपतो आणि रात्री दोन वाजता खेळायला उठतो. झोपेचं काही औषध द्या ना!" बाळंतपणाला महिना-दीड महिना झाला की माझ्याकडे येणाऱ्या मातांची ही ठरलेली तक्रार. सोबतच्या आजीबाईंच्या मते दृष्ट लागलेली असते.

वास्तविक यात आजार नाही. नवजात बाळ चोवीस तासांत 14 ते 17 तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट लहान, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी भूक लागते. दिवस-रात्रीतला फरक त्याला दोन-तीन महिन्यांनंतर उमगू लागतो. तोवर दिवसा खोलीत उजेड असू द्यावा, बाळाशी बोलावे. रात्री मंद दिवा ठेवून पाजावे, लंगोट बदलावा, गप्पा नकोत. दुकान बंद करून साडेनऊला घरी येणाऱ्या वडिलांना बाळाला उठवून खेळवण्याचा मोह होतो. प्रेम समजते, पण पुढची रात्र आईला काढायची असते!

झोळीची सवय लागते ती अशी. बाळाची झोप साधारण तासाभराने उथळ होते व ते अर्धवट जागे होते. झोके घेत झोपलेल्याला त्या वेळी पुन्हा झोकाच हवा असतो. म्हणून चार-पाच महिन्यांनंतर डोळे जड झाले, पण मिटले नाहीत, अशा वेळी अंथरुणावर ठेवून थोपटावे. थोडे दिवस रडेल. मात्र आईने थोपटायचे आणि आजीने झोळीत टाकायचे, असे चालत नाही. झोपवताना बाळ उताणे असावे, गादी सपाट व घट्ट असावी. डोके गोल व्हावे म्हणून ठेवलेली मोहरीची उशी काढून टाकावी.

औषधाबाबत मात्र मी ठाम आहे. 1920 च्या सुमारास मुंबईत गिरणीवर जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची 'बाळागोळी' देत. पोर घरी दिवसभर गुंगीत पडून राही. त्यांची तरी लाचारी होती. अफूने बाळाचा श्वास मंदावतो, थांबतोही. आज तिची जागा सर्दीच्या गोड औषधाने घेतली आहे. "हे दिलं की छान झोपतो," असे शिकलेले पालकही सांगतात. ती झोप नव्हे, गुंगी. क्लोरफेनिरामाइन व फिनाइलएफ्रिन एकत्र असलेल्या औषधावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असा इशारा छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिले. घरातली बाटली एकदा वाचून पाहा. उगाळलेल्या जायफळाचीही मात्रा कुणी मोजत नाही. जास्त झाले तर तेही बाधते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नको.

बाळ एरवीपेक्षा सुस्त वाटले, हलवूनही नीट जागे होईना, दूध ओढेना, तर 'आज छान झोपलंय' म्हणून थांबू नये. रात्र असली तरी दवाखाना गाठावा आणि काही पाजले असेल तर ती बाटली किंवा पुडी सोबत न्यावी.