पोरीला विज्ञान आवडते की नाही, हे मापायचे कसे?

परवा शेजारच्या ताई दहावीतल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, ही सायन्सला जायचं म्हणते, पण शाळेतल्या बाई म्हणतात हिला आवडच नाही." बाईंना हे कसे कळले, असे आम्ही विचारले. उत्तर एकच, मार्क कमी!

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. विज्ञानाशी आमचा संबंध शाळेतच सुटला. पण मार्क आणि आवड ही दोन वेगळी खाती आहेत, एवढे आम्हाला कळते. एकाची जमा दुसऱ्यात लिहून कसे चालेल?

आवड मापण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लायकर्ट यांनी ती १९३२ साली मांडली. मुलांपुढे एकेक विधान ठेवायचे आणि 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंतच्या पाच पायऱ्यांपैकी एकीवर खूण करायला सांगायची. पायरीप्रमाणे पाच ते एक गुण द्यायचे. 'विज्ञानाचा तास कंटाळवाणा वाटतो' अशी काही विधाने मुद्दाम उलटी घालतात व त्यांचे गुणही उलटे धरतात. म्हणजे न वाचता सगळीकडे 'हो' करणारा सापडतो. शेवटी बेरीज. आपल्या राज्यातही २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली, हे पालकांना आठवत असेल.

पण नुसते 'विज्ञान आवडते का?' असे विचारून भागत नाही. नॉर्वेतील ओस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने या शतकाच्या सुरुवातीला 'रोज' नावाची पाहणी झाली. सुमारे ४० देशांतील पंधरा वर्षांच्या मुलामुलींना विषयवार प्रश्न विचारले. श्रीमंत देशांतल्या मुलांपेक्षा गरीब देशांतल्या मुलांना शाळेतले विज्ञान जास्त आवडते, असे दिसले. मुलींचा ओढा शरीर व आरोग्याकडे, तर मुलांचा यंत्रे आणि स्फोटकांकडे अधिक होता. म्हणजे आवड असते, पण कशाची, ते विचारावे लागते.

दुसरी अडचण भाषेची. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकात महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले. पुस्तकी भाषा हा मुलांच्या वाटेतला मोठा अडसर असल्याचे त्यांना आढळले. नीट मार्गदर्शन मिळताच हीच मुले पुढे आली. आपल्या वस्तीतल्या किती मुलांवर 'आवड नाही' असा शिक्का बसला असेल, कोण जाणे!

आम्ही रविवारच्या अभ्यासवर्गात दहा विधानांचा कागद केला. शाळेचे नाव नको, मार्क नकोत. वर 'यात पास-नापास नाही' असे ठळक लिहिले, कारण आपली मुले कागद दिसला की परीक्षाच समजतात. ताईंच्या मुलीनेही तो भरला. 'विज्ञानाचे पुस्तक वाचायला आवडते' यापुढे असहमत. 'शाळेत मला स्वतःच्या हाताने प्रयोग करायला मिळतो' यापुढे पूर्ण असहमत. 'बिघडलेली वस्तू उघडून पाहावीशी वाटते' यापुढे पूर्ण सहमत. 'साखरेचा आजार का होतो ते जाणून घ्यायचे आहे' यापुढेही तेच. तिच्या वडिलांना साखर आहे.

कागद आम्ही ताईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "घरातला मिक्सर हिनंच दोनदा उघडलाय, भाऊ. मीच ओरडले होते."