जर्नलमधली सही आणि घाटातला पूल

खंडाळ्याहून गाडी कर्जतकडे उतरायला लागली की अख्खा डबा खिडकीकडे सरकतो. बोगदा, उजेड, दरी, धबधबा, पुन्हा बोगदा. दरीचे फोटो सगळेच काढतात. दरीच्या काठावर आपल्याला तोलून धरणारं दगडकाम मात्र कुणाच्या फोटोत येत नाही.

भोर घाटातला हा लोहमार्ग 21 एप्रिल 1863 रोजी सुरू झाला. सुमारे 25 किलोमीटरांत साडेपाचशे मीटरहून जास्त चढ आणि काळ्या पाषाणातून फोडलेले 25 बोगदे. पहिल्या कंत्राटदाराने 1859 मध्ये काम सोडलं. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, हिंदुस्थानात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट हाती घेऊन तडीस नेलं. कॉलऱ्याने आणि अपघातांनी मजुरांचे किती बळी घेतले याला सुमार नाही. असा हा अचाट घाट. आणि तो सुरू होऊन चार वर्षं होत नाहीत तोच, जुलै 1867 मध्ये, ऐन पावसाळ्यात, ‘म्हाऊ की मल्ली’ या नावाने नोंदलेला कमानींचा दगडी पूल कोसळला. बोट दाखवलं गेलं ते निकृष्ट दगडकामाकडे.

दगडी खांबाचं नवल असं की त्याचा दर्शनी भाग घडीव दगडांचा असतो, पण भार पेलण्यात पोटातल्या भरीचा आणि चुन्याचा वाटा मोठा असतो. दर्शनी थर चढले की पोट कायमचं झाकलं जातं. चुना नीट मळला होता का, भर दाबून बसवली होती का, हे नंतर कुणालाच दिसत नाही. ते ठाऊक असतं फक्त त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या माणसाला. त्याने वहीत जे लिहिलं असेल, त्यावर पुढच्या पिढ्यांनी डोळे मिटून गाडीत बसायचं. आज दगडाच्या जागी काँक्रीट आलं आणि चुन्याच्या जागी सिमेंट. झाकलेलं पोट मात्र तसंच आहे. स्लॅब भरला की आतली सळई पुन्हा दिसत नाही.

याच डोंगरांच्या कुशीत, लोणावळ्याजवळ कुसगावात आणि खाली तळेगाव दाभाड्यात, आज अभियांत्रिकीची कॉलेजं आहेत. तिथल्या मुलांना वर्षभर ज्या नियमांचा काच वाटतो, ते असे: 75 टक्के हजेरी, वेळेत सबमिशन, जर्नलवर प्रत्येक प्रॅक्टिकलला सरांची सही, टर्मवर्क, ओरल. हजेरी भरली नाही की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव, आणि तरी सुधारणा नसेल तर टर्म ग्रँट होत नाही, म्हणजे परीक्षेलाच बसता येत नाही. वरवर पाहता हा शाळकरी जाच वाटतो. पण यातला एकेक नियम उलगडून पाहिला की तो थेट त्या झाकलेल्या पोटापाशी जाऊन पोचतो.

सिव्हिलच्या लॅबमधला काँक्रीटचा ठोकळा घ्या. 150 मिलिमीटर बाजूचा, वजनाला आठेक किलो. साच्यात काँक्रीट तीन थरांत भरायचं आणि प्रत्येक थराला लोखंडी गजाने किमान 35 ठोसे द्यायचे. म्हणजे एका ठोकळ्याला 105 ठोसे. तिसऱ्या ठोकळ्यापर्यंत हात भरून येतो, आणि 35 चे 20 करावेसे वाटतात. केले तर आत हवेच्या पोकळ्या राहतात. वरून थापी फिरवली की ठोकळा तितकाच गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी साचा उघडायचा, ठोकळे पाण्यात बुडवायचे आणि 28 दिवस थांबायचं. काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. एकोणतिसाव्या दिवशी उगवलेल्या मुलाला ते रीडिंग परत मिळत नाही. हजेरीच्या नियमामागे हेही एक कारण आहे.

अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळा सीटीएममध्ये, म्हणजे दाबून फोडणाऱ्या मशीनमध्ये, जातो. थापी फिरवलेली बाजू वर ठेवायची नाही, ती आडवी करायची, म्हणजे भार साच्याला टेकलेल्या सपाट बाजूंवर येतो. एम-20 प्रतीच्या ठोकळ्याने 20 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाब सोसायला हवा. ठोकळ्याचं क्षेत्रफळ 22,500 चौरस मिलिमीटर, म्हणजे एकूण 450 किलोन्यूटन. आठ किलोच्या वस्तूने सुमारे 46 टन पेलायचे! आपण ज्याला नुसतं ‘सिमेंटचं काम’ म्हणतो, त्यात एवढी ताकद दडलेली असते.

खरी मौज पुढे आहे. समजा तीन ठोकळे 540, 575 आणि 400 किलोन्यूटनला फुटले. दाब आला 24, 25.6 आणि 17.8, सरासरी 22.4. सरासरी वीसच्या वर आहे, मग काम झालं? नाही. भारतीय मानक आयएस 456 सांगतं की कुठलाही ठोकळा सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त ढळला तर चाचणीचा तो निकालच बाद. तिसरा ठोकळा जवळजवळ 21 टक्के खाली आहे. आता विद्यार्थ्याच्या हातात पेन आहे, समोर सबमिशनची तारीख आहे आणि 400 चे 500 करायला एकच आकडा बदलायचा आहे. मानकाचं म्हणणं असं की तो चुकार ठोकळा काहीतरी सांगतो आहे. ठोसे कमी पडले असतील, साचा वाकडा असेल, पाणी जास्त झालं असेल. तो आकडा पुसला की हे कारण शोधायची संधी गेली.

बनवलेले आकडे पकडले जातात याचंही कारण गमतीदार आहे. निसर्गाचे आकडे विस्कळीत असतात. मनाने आकडे रचणारा माणूस मात्र नकळत नीटनेटकेपणा आणतो: सगळी रीडिंग सरासरीला बिलगून, शेवटचे अंक ठरावीक, आलेख पट्टीने काढल्यासारखा सरळ. आधी उत्तर धरून मागे जात रीडिंग काढण्याला मुलं ‘रिव्हर्स कॅल्क्युलेशन’ म्हणतात. पंचवीस वर्षं ओरल घेतलेल्या परीक्षकाला असं जर्नल पान उलटताच कळतं. तिन्ही ठोकळ्यांचा निकाल दशांशापर्यंत सारखा आला तर त्याची भुवई आधी उंचावते.

दुसरी अशीच प्रसिद्ध कला म्हणजे जीटी, अर्थात ग्लास ट्रेसिंग. हॉस्टेलच्या खोलीत दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली बल्ब लावायचा, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद. रात्रभरात अख्ख्या मजल्याची ड्रॉइंग तयार. पण मूळ शीटमध्ये एक तुटक रेघ राहिली असेल, तर ती वीस शीटमध्ये राहते. ड्रॉइंगमधली तुटक रेघ म्हणजे झाकलेली कड, समोरून न दिसणारा भाग. न दिसणारं मनात उभं करून कागदावर उतरवणं, हेच तर त्या विषयात शिकायचं असतं. जीटीत नेमकं तेवढंच हातून निसटतं.

पुढच्या पायरीवर हे नियम कायद्याच्या भाषेत येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 40 टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. 60 पर्यंत एक वर्ष प्रबंध सादर करायला बंदी. त्याच्या वर नोंदणीच रद्द. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्राचा 1982 चा वेगळा कायदा आहे. 2014 मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. या करारातले देश एकमेकांच्या मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदव्यांना तुल्य मानतात, आणि पदवीधराला काय यायला हवं या त्यांच्या यादीत गणिताच्या, डिझाइनच्या जोडीला नीती हा स्वतंत्र मुद्दा आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला तो शिकवल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा कुठून येतो? बराचसा त्याच कंटाळवाण्या जर्नल-सबमिशनमधून.

कॉलेजच्या नियमावलीतला रॅगिंगचा मुद्दा या सगळ्यात उपरा वाटतो. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यात रॅगिंगसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि दोषी ठरलेल्याला पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. त्याचा पुलांशी काय संबंध? हे समजायला कॅनडात जावं लागतं. क्वेबेकचा पोलादी पूल 29 ऑगस्ट 1907 रोजी, बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि 75 कामगार गेले. पुलाचा गाळा वाढवला, पण स्वतःच्याच वजनाचा हिशेब त्या मानाने नव्याने केला नाही. खालच्या पट्ट्या वाकताहेत हे जागेवरच्या तरुण इंजिनिअरने पाहिलं होतं, मोजलं होतं. सांगायला तो न्यूयॉर्कमधल्या ज्येष्ठ सल्लागाराकडे गेला. काम थांबवण्याचा निर्णय पुलापर्यंत वेळेत पोचला नाही. ज्येष्ठांपुढे मान वर करून ‘सर, हे वाकतंय’ म्हणण्याची सवय कॉलेजात लागते, किंवा कॉलेजातच मोडते. रॅगिंग ती मोडतं.

क्वेबेकच्या धक्क्यातून सावरत कॅनडातल्या इंजिनिअरांनी 1925 पासून एक विधी सुरू केला. पदवीधर शपथ घेतो आणि काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत लोखंडी अंगठी घालतो, म्हणजे रेघ ओढताना, सही करताना ती कागदाला टेकते. त्या विधीचा मजकूर लिहिला रुडयार्ड किपलिंगने, आणि तो जन्मला मुंबईत, भोर घाट सुरू झाल्यानंतर दोन वर्षांनी!

आपल्याकडे अंगठी नाही. वकिलांसाठी 1961 चा आणि वास्तुविशारदांसाठी 1972 चा केंद्रीय कायदा आहे. इंजिनिअरला परवाना देणारा आणि चुकला तर काढून घेणारा तसा केंद्रीय कायदा नाही. पालिकेच्या हद्दीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला नोंदणी लागते, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही 1920 ची संस्था आपल्या सदस्यांना आचारसंहिता घालून देते. पण बहुसंख्य पदवीधरांच्या बाबतीत व्यावसायिक शिस्तीचा पहिला, आणि अनेकदा शेवटचा, लेखी धडा म्हणजे कॉलेजची नियमावलीच.

लोणावळ्यातच नौदलाची आयएनएस शिवाजी ही सागरी अभियांत्रिकीची संस्था 15 फेब्रुवारी 1945 पासून उभी आहे. तिथे शिकलेला अधिकारी ज्या इंजिनाची नोंद ठेवतो, त्याच इंजिनावर भर समुद्रात त्याचा स्वतःचा जीव असतो. तिथे खोट्या नोंदीची किंमत लगेच चुकवावी लागते. पुलाच्या बाबतीत नोंद करणारा एक आणि पुलावर उभा राहणारा दुसराच असतो, आणि मधे तीस वर्षं जातात.

15 जून 2025, रविवार. मावळातच, तळेगावजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने भरला होता. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. दुपारी पूल कोसळला; चार जण दगावले, पन्नासेक जखमी झाले. गंजलेला सांधा तपासणं, भार किती चालेल ते लिहिणं, फलक लावून न थांबता वाट खरोखर बंद होईपर्यंत पाठपुरावा करणं, ही सगळी कामं जर्नलच्याच जातीची आहेत: पाहिलं ते लिहायचं, लिहिलं ते वरपर्यंत पोचवायचं.

म्हणून अभियांत्रिकीत शिकणाऱ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना एकच सांगणं. या सबमिशनला तिसरा ठोकळा 400 ला फुटला असेल तर 400 च लिहा, खाली कारण लिहा आणि सरांकडून सही घ्या. दोन मार्क गेले तर जाऊ द्या. उद्या तुमच्या सहीवर माणसं उभी राहणार आहेत, आणि त्यांना सळई दिसणार नाही.