चार चौकटी आणि चार चरण

लखनौ येथे इ. स. १८७७ च्या जानेवारीत मुन्शी सज्जाद हुसेन यांनी ‘अवध पंच’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. त्याचे नावच त्याचे कुळ सांगते. लंडनला १८४१ मध्ये निघालेल्या ‘पंच’ या विनोदी पत्राच्या शाखा त्या काळी दूरदूरच्या बंदरांतून आणि राजधान्यांतून फुटत होत्या. मुंबईचा ‘हिंदी पंच’ हीही त्यांतलीच एक. लखनौच्या पत्राला पंधरा वर्षांनी वडील असे एक भावंड जपानात होते. चार्ल्स वर्गमन या इंग्रज चित्रकाराने १८६२ मध्ये योकोहामा येथे ‘जपान पंच’ काढला आणि तो १८८७ पर्यंत चालविला. त्या नावाचा जपानी भाषेवर असा ठसा उमटला की, विनोदी चित्राला तेथे कित्येक वर्षे ‘पोंची-ए’, म्हणजे ‘पंच’च्या धर्तीचे चित्र, असेच म्हणत.

बीज एक; पण झाडे मात्र ओळखू न येण्याइतकी निराळी झाली. आपल्याकडे ‘पंच’चे एकचौकटी चित्र होते तसेच राहिले. जपानात त्या एका चौकटीच्या चार झाल्या, त्या चारांचे वृत्तपत्रात रोजचे स्थान झाले, आणि अखेरीस केवळ चारचौकटी चित्रपट्ट्यांना वाहिलेली मासिके निघू लागली. हे असे का घडले, याचे उत्तर चित्रकारांच्या गुणावगुणांत शोधण्यात अर्थ नाही. ते नियतकालिकांच्या घडणीत आहे. आणि काही अंशी, समीक्षकाने कोणत्या गोष्टीला वाङ्मयीन रूप म्हणून ओळख दिली व कोणत्या गोष्टीला दिली नाही, यातही आहे. ‘अवध पंच’ला अकबर इलाहाबादी यांच्यासारख्यांच्या लेखणीमुळे उर्दू वाङ्मयेतिहासात जागा मिळाली. मराठी वाङ्मयेतिहासात व्यंगचित्रांच्या नियतकालिकांना अशी जागा जवळजवळ नाहीच.

प्रथम त्या जपानी रूपाचा परिचय करून घेऊ. त्याला ‘योनकोमा’ म्हणतात. ‘योन’ म्हणजे चार, ‘कोमा’ म्हणजे चौकट. चौकटी सारख्या आकाराच्या, एकीखाली एक मांडलेल्या; वाचावयाच्या वरून खाली. चौकटींची कामे ठरलेली असतात, आणि त्या कामांची नावे मूळ चिनी चतुष्पदीच्या शास्त्रातून आलेली आहेत : की, शो, तेन, केत्सु. मराठीत आरंभ, विस्तार, कलाटणी आणि समाप्ती असे म्हणता येईल. समजा, पहिल्या चौकटीत आभाळ भरून आलेले पाहून गृहिणी नवऱ्यासाठी छत्री घेऊन स्टेशनाकडे निघते. दुसरीत पाऊस कोसळतो आहे आणि ती फलाटावर ताटकळत उभी आहे. तिसरीत एकदम घर दिसते : नवरा कोणा सहकाऱ्याच्या छत्रीतून केव्हाच घरी पोचला आहे आणि घरात कोणी नाही. चौथीत तो बायकोला आणावयास निघण्यासाठी दाराशी आला आहे, आणि छत्रीच्या रिकाम्या खुंटीकडे पाहत राहिला आहे. शब्द एकही नाही. येथे हसू तिसऱ्या चौकटीत जन्मते आणि चौथीत निवते. विनोदाचा स्फोट शेवटी झालाच पाहिजे, अशा समजुतीने जो ही पट्टी वाचील त्याला ती फिकी वाटेल. कारण चौथीचे काम स्फोट हे नसून, झालेल्या गोष्टीला घरात जागा करून देणे हे आहे.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटू नये. आपल्या ग्रंथगत ओवीचे तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड, यमकातून सुटलेला असतो. म्हणूनच तिला साडेतीन चरणांची म्हणण्याची वहिवाट पडली. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण झाल्यावर चौथा चार अक्षरांतच थांबतो. चाल सारखी ठेवून शेवटी पाऊल आखडते घेण्याची ही रीत आपल्या कानाला सातशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. साम्य ताणण्यात अर्थ नाही, हे खरे. ओवीत तिसरा चरण यमक मिटवितो. योनकोमात तिसरी चौकट उलट मोडते. पण एका बाबतीत ही तुलना फारच उपयोगी पडते. ओवी एकटी उभी राहू शकते. तशीच ती ‘ज्ञानेश्वरी’सारख्या सुमारे नऊ हजार ओव्यांच्या ग्रंथाची वीटही होऊ शकते. चारचौकटी पट्टीचा सारा इतिहास या दोन शक्यतांमधील ओढाताणीचा आहे.

तो इतिहास थोडक्यात असा. राकुतेन किताझावा याने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘जिजी शिंपो’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन धर्तीच्या अनेकचौकटी चित्रांचा पाया घातला. युताका आसो याची ‘नोंकी ना तोसान’, म्हणजे ‘निवांत बाबा’, ही पट्टी १९२३ मध्ये आली. त्याच वर्षीच्या महाभूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या तोक्योला या निवांत गृहस्थाने धीर दिला, असे म्हणतात. युद्धानंतर १९४६ मध्ये माचिको हासेगावा या तरुण चित्रकर्तीने फुकुओकाच्या एका सायंदैनिकात ‘साझाए-सान’ सुरू केली. पुढे ती ‘आसाही’ या मोठ्या दैनिकात गेली आणि १९७४ पर्यंत चालली. धान्याच्या रांगेपासून दूरचित्रवाणी संचापर्यंत एका मध्यमवर्गीय घराचा अठ्ठावीस वर्षांचा संसार त्यात आहे. आणि तरीही साझाए वयाने वाढत नाही. वृत्तपत्रातल्या पट्टीला काळ हा असा लागतो : रोजचा, परत परत येणारा, पण पुढे न सरकणारा.

होबुन्शा या प्रकाशन संस्थेने १९८१ मध्ये ‘मांगा टाइम’ हे मासिक काढले आणि पट्टी वृत्तपत्राच्या कोपऱ्यातून उठून स्वतःच्या घरात आली. या घराची मांडणी पाहण्यासारखी आहे. एका पानावर साधारणतः दोन पट्ट्या उभ्या मांडलेल्या, उजवीकडची आधी वाचावयाची. प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर एक छोटेसे शीर्षक. एका चित्रकाराला अंकात काही पानेच मिळतात. पण ती सलग. याचा परिणाम असा झाला की, जे दैनिकात दिवसाला एकदा भेटत होते ते येथे एका बैठकीत दहा-बारा वेळा भेटू लागले. आणि मग पट्टीपट्टीतून कथा सरकू लागली. नव्या चित्रकाराला प्रथम दोन-तीन अंकांपुरते पाहुणा म्हणून बोलवावयाचे, वाचकांचे अभिप्राय पाहावयाचे, आणि मगच त्याला कायमची पाने द्यावयाची, अशीही एक चाल या मासिकांत रूढ झाली. २००२ मध्ये त्याच संस्थेने काढलेल्या ‘मांगा टाइम किरारा’त तर शाळकरी मुलींच्या दीर्घ कथा चार चौकटींत लिहिल्या जाऊ लागल्या, त्यांतील ‘के-ऑन’सारख्या काहींची चलच्चित्रे देशोदेशी पोचली. कथा लांबली की चौथी चौकट नुसती पुढच्या पट्टीची पायरी बनते, आणि छंदाचे नुसते पान-आखणीत रूपांतर होते, ही तक्रार खोटी नाही. पण ओवीलाही हा धोका होताच. ज्ञानदेवांच्या हाती ती कथेला वाहून नेते आणि तरीही जागच्या जागी पुरी होते. सामान्य ग्रंथकाराच्या हाती ती केवळ ओळ मोजण्याचे माप होते.

आता आपल्याकडे वळू. मराठी हास्यचित्राचे खरे घर दिवाळी अंक. मधुकर पाटकर यांनी १९५१ मध्ये सुरू केलेला ‘आवाज’, ‘जत्रा’, अनंत अंतरकरांची ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ ही मासिके, दीनानाथ दलालांचे ‘दीपावली’ : या नावांनी दोन पिढ्यांच्या घरांत हसू नेले. १३ ऑगस्ट १९६० रोजी ठाकरे बंधूंनी काढलेले ‘मार्मिक’ हे साप्ताहिक तर व्यंगचित्रालाच वाहिलेले होते. पण त्याची प्रकृती राजकीय, म्हणजे पुन्हा ‘पंच’च्या वळणाची. यांत पट्टी अपवादानेच दिसते. शि. द. फडणीस यांचे ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावरील चित्र आठवावे : बसच्या रांगेत एक तरुण आणि एक तरुणी, एकाच्या कपड्यावर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या वस्त्रावर उंदरांची. एकही शब्द नाही, एकही दुसरी चौकट नाही. आणि तरीही पुढे काय होणार याची गोष्ट पाहणारा आपोआप रचू लागतो. एका चौकटीत मागचे आणि पुढचे कोंबून बसविण्याची ही कला मराठीत इतकी पक्व झाली की, चौकटी वाढविण्याची निकडच भासली नसावी.

परंतु ‘आवाज’मधील खिडकीचित्र हे मला मराठी पट्टीचेच रूप वाटते. वरच्या पानाला खिडकी कापलेली. तिच्यातून आतल्या चित्राचा असा तुकडा दिसतो की, सभ्य माणसाने इकडेतिकडे पाहून घ्यावे. पान उलटले की सारा प्रकार निरुपद्रवी निघतो आणि फजिती होते ती पाहणाऱ्याच्या मनाची. येथे आरंभ आहे, कलाटणी आहे, आणि दोन चौकटींमधील रिकाम्या जागेचे काम वाचकाचा अंगठा करतो. चावटपणा म्हणून आपल्या समीक्षेने ही चित्रे बाजूस सारली. त्यांतील रचना मात्र पाहावयाची राहून गेली. वसंत सरवटे यांच्यासारखा चित्रकार-समीक्षक स्वतः लिहिता झाला नसता, तर व्यंगचित्राच्या आस्वादासाठी लागणारी भाषाही आपल्यापाशी फारशी नसती.

वर्षातून एकदा येणाऱ्या अंकात पात्र पुन्हा भेटत नाही. चित्रकार तेथे पाहुणाच असतो आणि त्याने एक हशा मिळवून निघून जावयाचे असते. दैनिक हे पट्टीचे खरे शेत. पण रोज येणाऱ्या लक्ष्मण यांच्या सामान्य माणसालाही एकच चौकट पुरली, आणि चित्रपट्टीची भूक पुष्कळशी परदेशी वेताळाने भागविली. १९९१ मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये येऊ लागला, तेव्हा कोठे मराठी घरात रोज भेटणारे, वय न वाढणारे एक पोर आले. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू यांचा तो वाडा साझाएच्या घराचा दूरचा शेजारी आहे. या पट्ट्यांचे पुढे संग्रह निघाले. ते सलग वाचताना एक गोष्ट जाणवते : सकाळच्या चहाबरोबर जी चौकट पुरी वाटत होती ती पुस्तकात पुढच्या पट्टीला खेटून उभी राहते, आणि मधली एका दिवसाची वाट पाहणे नाहीसे होते. जपानी मासिकाने प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर जे इवलेसे शीर्षक ठेवले आहे, ते याच हरवलेल्या दिवसाच्या जागी.