विरुद्धभारित पृष्ठक्रियाशील द्रव्यांचे हवा-जल आंतरपृष्ठावरील वर्तन

२५° से. तापमानास शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. पृष्ठक्रियाशील द्रव्यांचे रेणू जलविरोधी पुच्छ हवेकडे ठेवून आंतरपृष्ठावर गोळा होतात व तो घटवितात. मात्र एकाच द्रव्याच्या रेणूंची समभारित शीर्षे परस्परांना दूर लोटत असल्याने हा थर काहीसा विरळ राहतो.

ऋणभारित सोडियम डोडेसिल सल्फेटमध्ये धनभारित डोडेसिल ट्रायमेथिल अमोनियम ब्रोमाइड मिसळल्यास प्रतिसारणाची जागा आकर्षण घेते. थर दाट होतो आणि अत्यल्प संहतीसही पृष्ठताण बराच उतरतो. स्वतंत्रपणे या द्रव्यांची क्रांतिक मिसेल संहती अनुक्रमे सुमारे ८ व १५ मिलिमोल प्रति लिटर आहे. मिश्रणाची त्याहून पुष्कळ कमी असते. विशेष म्हणजे द्रावणात एका घटकाचे आधिक्य असले तरी आंतरपृष्ठावरील प्रमाण १:१ कडे झुकते, कारण तेथे भारांचे उदासिनीकरण ऊर्जेच्या दृष्टीने अनुकूल ठरते.

तथापि द्रावणातच दोहोंचे प्रमाण समान झाल्यास साका पडण्याचा संभव असतो. पृष्ठक्रियाशील द्रव्य द्रावणातून निघून जाते व मिश्रणाचा लाभ उरत नाही. म्हणून कमी द्रव्यात अधिक परिणाम साधावयाचा असल्यास मिश्रणात एका घटकाचे आधिक्य राखणे इष्ट ठरते.